एवढा एक माझा

इंजिन बंद पडलेलं सुनंदाला आधी ऐकू आलं, किल्ली काढून घेणारा हात नंतर दिसला. पांढऱ्या बाहीतला, मनगटाला लाल दोरा बांधलेला हात. जे. पी. नगरच्या त्या चौकात ती पांढऱ्या रेघेच्या अलीकडे थांबली होती, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावलेला होता, पायांशी भाजीची पिशवी होती. सिग्नल लाल होता. सगळं जसं असायला हवं तसंच होतं, म्हणून आपल्याला कुणीतरी थांबवलं आहे हे तिच्या पटकन ध्यानात येईना. थांबलेल्या माणसाला आणखी कसं थांबवणार? "अम्मा, गाडी सैडिगे हाकी," पोलीस म्हणाला. गाडी बाजूला घ्या. आवाज चढा नव्हता, उलट जरा कंटाळलेलाच होता. त्यानं हातातल्या यंत्रात स्कूटरचा नंबर घातला आणि यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर यायला लागली. ती येतच राहिली, वाऱ्यानं वळली, तिच्या पिशवीतल्या मेथीवर टेकली. सिग्नल तोडला, उलट्या दिशेनं गाडी आणली, तिघं बसले, हेल्मेट नाही, पुन्हा सिग्नल. हेब्बाळ, एचएसआर लेआउट, पुन्हा हेब्बाळ. सुनंदाला हसू आलं. पासष्टी उलटलेली बाई, एका स्कूटरवर तिघं, उलट्या दिशेनं, एचएसआर लेआउटमध्ये. तो मात्र हसला नाही. इतके दंड थकले असले तर गाडी सोडता येत नाही, इथंच फोनवरून भरा आणि घेऊन जा, असं त्यानं समजावून सांगितलं. फोन पर्समध्ये होता. पैसेही होते. मागच्या रिक्षातून एक बाई मान बाहेर काढून बघत होती, बसस्टॉपवरची कॉलेजची मुलं बघत होती, आणि भरून टाकावं, इथून आधी निघावं, असं तिच्या बोटांना वाटायलाही लागलं होतं. पर्सची चेन तिनं अर्धी उघडली. मग बंद केली. "इदु नंदल्ल," ती म्हणाली. हे माझं नाही. पस्तीस वर्षं या गावात राहून तिचं कानडी भाजीवाला, गॅसवाला आणि शेजारीण यांच्यापुरतंच उरलं होतं. इतकं आखूड आणि स्वच्छ वाक्य आपण त्या भाषेत कधी बोललो नव्हतो, असं तिला वाटून गेलं. पोलिसानं खांदे उडवले आणि किल्ली खिशात टाकली.

घरी ती चालत आली. एका क्रॉसवरून, म्हणजे आडव्या गल्लीवरून, दुसऱ्या क्रॉसवर, पर्जन्यवृक्षांच्या सावलीतून, उखडलेल्या फरशा चुकवत. फाटकाशी आल्यावर समोरच्या घरातली मुलगी टक लावून बघायला लागली तेव्हा लक्षात आलं की हेल्मेट अजून डोक्यावरच आहे. आत येऊन तिनं ते काढलं, डायनिंग टेबलावर ठेवलं आणि समोर बसून राहिली. अपमान म्हणावा तर तसा कुणी केला नव्हता. तरी पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसं वाटत होतं. तिला पद्मनाभची आठवण झाली. तिचा नवरा विमानाच्या कारखान्यात इंजिनियर होता आणि सिग्नलला इंजिन बंद करणारा माणूस होता. रविवारी सकाळी सहाला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना, लाल दिव्यासमोर तो पाय टेकून शांतपणे उभा राहायचा आणि मागे बसलेली सुनंदा त्याच्या पाठीकडे बघत चिडायची. कोण बघतंय, असं ती म्हणायची. मी बघतोय, असं तो म्हणायचा. कौतुक करून घ्यायला नव्हे, वेळ विचारल्यावर सांगावी तसं. स्कूटर तिच्या नावावर होती, पण कागदपत्रं त्यानं केली होती आणि त्यात फोन नंबर स्वतःचा दिला होता. म्हणजे गेली दोन वर्षं दंडाचा प्रत्येक मेसेज त्याच्या बंद झालेल्या नंबराकडे जात होता. आयुष्यात एकदाही दंड न भरलेल्या माणसाच्या नंबरावर तो मेल्यावर ढीग साचत होता आणि तो उघडून बघणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी निहार आला. हेब्बाळहून इथवर यायला त्याला दोन तास लागले होते, त्यामुळे आल्या आल्या आधी पाणी, मग चहा. निहार त्यांचा एकुलता एक; हेब्बाळच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, तिथंच जवळ फ्लॅट, बायको शमिका, आणि फ्लॅटमध्ये आईसाठी रंगवून ठेवलेली एक खोली. ती खोली रंगवून झाली त्यालाही आता बरेच महिने झाले होते. त्यानं फोनवर स्कूटरचा नंबर टाकला आणि सगळे दंड एकाखाली एक उलगडले. "आई, अर्ध्यात मिटतंय," तो म्हणाला. "सरकारची सूट चालू आहे महिनाअखेरपर्यंत. मी आत्ता भरतो, उद्या गाडी सोडवतो, विषय संपला." मी ते केलेलं नाही, असं ती म्हणाली. त्यालाही ते दिसत होतं. कुणीतरी आपला नंबर लावून फिरतंय, हे शहरात नेहमीचं आहे, त्याच्या ऑफिसातल्या एकाचं असंच झालं होतं, त्यानंही भरून टाकलं. भांडत बसण्यात जेवढे दिवस जातील तेवढ्याची किंमतच जास्त होते, असं निहारचं म्हणणं. तो वाईट बोलत नव्हता. तो कधीच वाईट बोलत नसे. मग जरा थांबून, कप बशीत फिरवत, त्यानं पुढचं काढलं: गाडी सोडवली की विकूनच टाकू या का; या वयात या ट्रॅफिकमध्ये; शमिकाही परवा हेच म्हणत होती. सुनंदानं त्याच्या फोनवर तळहात ठेवला. "भरू नकोस," ती म्हणाली. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि फोन तिच्याच हातात दिला.

प्रत्येक दंडाखाली फोटो होता. कॅमेऱ्यानं वरून काढलेले, थोडे पिवळट, रस्ता तिरका. तिच्या स्कूटरसारखीच निळी स्कूटर आणि तिचाच नंबर, ठळक आणि वाचता येईल असा. चालवणारा बहुतेक वेळा एक पाठमोरा माणूस, चौकड्यांचा शर्ट. कधी मागे ओढणी गुंडाळलेली बाई. एकात दोघांच्या मध्ये एक लहान मूल दाबून बसलेलं आणि मागच्या बाईचं तोंड आ करून हसताना पकडलेलं. कॅमेरा आहे याची तिला कल्पनाही नसेल. सुनंदा त्या हसण्याकडे बघत राहिली. राग यायला हवा होता आणि येत नव्हता. तिचा नंबर तिला न सांगता शहरभर भटकत होता, उलट्या दिशेनं जात होता, पुलांखालून वळत होता, तलावाकाठी जात असेल, कुणाच्या लग्नाला जात असेल. ती या घरात दुपारी पंख्याखाली पडून असायची तेव्हा तो हेब्बाळला, निहारच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, सिग्नल तोडत असायचा. आपण आहोत तेवढ्याच आहोत ना, असा काहीतरी विचित्र प्रश्न तिच्या मनात आला. ती एकेक फोटो पुढे सरकवत गेली, आणि एक फोटो तिनं इतरांपेक्षा जरा लवकर सरकवला. निहारनं तो बघितला नाही. त्या फोटोत स्कूटर चालवणारी बाई होती, डोक्यावर हेल्मेट नव्हतं, केस सुटलेले, पदर वाऱ्यावर मागे ताठ उडालेला, वर लाल दिवा. मागे कुणी नव्हतं. कुणी हसत नव्हतं.

निहार गेल्यावर ती कपबशा विसळत उभी राहिली. भरून टाक, विषय संपव. हे तिनं आधी ऐकलं होतं, वेगळ्या आवाजात. धातूंची प्रयोगशाळा, जिथं तिची सगळी नोकरी झाली. तिचं काम धातूचा थकवा मोजण्याचं. धातूचा तुकडा यंत्रात धरायचा, वाकवायचा, सोडायचा, पुन्हा वाकवायचा, आणि पहिला तडा कुठून जातो ते बघत बसायचं. एकदा एक महत्त्वाचा नमुना, धातूचा एक बार, मध्येच तुटला. यंत्राचा भार कुणीतरी बदलून ठेवला होता, कुणी ते सगळ्यांना माहीत होतं. दिल्लीहून पाहणीला माणसं यायची होती, आणि विभागप्रमुख तिला बाजूला घेऊन म्हणाले, तुम्ही समंजस आहात, बैठकीत म्हणा की नजरचूक झाली, पाच मिनिटांत मिटेल. ती म्हणाली. खरंच पाच मिनिटांत मिटलं. पण ते दोन शब्द तिच्या तोंडातून निघून इतरांच्या तोंडात गेले आणि तिथंच राहिले. नव्या आलेल्या पोरांनासुद्धा सांगितलं जायचं, सुनंदा मॅडमनी तो बार तोडला ना, तेव्हा. बढतीच्या वेळी कुणी त्याचा उल्लेख केला नाही, करायची गरजच नव्हती. पद्मनाभला तिनं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तू न तोडलेला बार तू तोडलास. बशी हातातून निसटून सिंकमध्ये आपटली. फुटली नाही. सुनंदानं नळ बंद केला. आता मी समंजस नाही, असं ती मोठ्यानं म्हणाली, रिकाम्या स्वयंपाकघरात, आणि तिला फार बरं वाटलं.

अहल्या वकील होती, आणि तिचं ऑफिस जयनगरला एका शिंप्याच्या दुकानावर होतं; जिना चढताना शिलाई मशीनचा आवाज वरपर्यंत सोबत यायचा. शेजारणीनं पत्ता दिला होता, मराठीच आहेत म्हणून. मराठी होत्या, पण सात पिढ्या इथंच. घरात म्हैसूरकडची मराठी, जिच्यात निम्मं कानडी मुरलेलं. पन्नाशीची, जाड काचांचा चष्मा, कपाळावर ठसठशीत कुंकू, टेबलावर कागदांपेक्षा कॉफीचे पेले जास्त. "बसा की अक्का," ती म्हणाली. सगळं ऐकून घेतलं आणि आधी तेच सांगितलं जे निहारनं सांगितलं होतं: सूट आहे, भरून टाका, माझी फी त्या दंडापेक्षा जास्त होईल, आणि मला स्वतःचं गिऱ्हाईक असं घालवायची हौस नाही, पण खरं ते सांगते. सुनंदा म्हणाली, चालेल. अहल्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. का चालेल, हे तिनं विचारलं. सुनंदाला बार आठवला, पण तो सांगण्यासारखा नव्हता. भरलं म्हणजे मी केलं असं होतं, एवढंच ती म्हणाली. अहल्यानं खाली हाक मारून आणखी दोन कॉफ्या मागवल्या, आणि त्या दोघी फोटो बघायला लागल्या.

काम खरंतर अवघड नव्हतं. सुनंदाच्या स्कूटरला मागे स्टीलचा दांडा होता, पद्मनाभनं कारखान्यातल्या एका वेल्डरकडून बसवून घेतलेला, तिच्या कंबरेला आधार म्हणून. फोटोतल्या स्कूटरला तो नव्हता. मागचा दिवाही नंतरच्या मॉडेलचा, टोकदार. तिला ते पहिल्या फोटोतच दिसलं होतं. पोलिसांना दोन्ही गाड्या शेजारी ठेवून दाखवता आलं की झालं, असं अहल्या म्हणाली. नंबर चोरल्याची तक्रार देऊ, कोर्टात सगळे दंड अमान्य म्हणून सांगू, गाडी सोडवायचा अर्ज त्याच दिवशी लावू. सरी, ठरलं. ती एकेक फोटो बाजूला करत गेली आणि शेवटी तिचं बोट थांबलं. मागे दांडा होता. "अक्का, हे तुम्ही."

"हो. एवढा एक माझा."

अहल्यानं तारीख बघितली, मग सुनंदाकडे. काही विचारलं नाही, म्हणून सुनंदानं सांगितलं. पद्मनाभ अतिदक्षता विभागात होता तो चौथा दिवस. निहारनं जबरदस्तीनं तिला घरी पाठवलं होतं, अंघोळ कर, दोन घास खा, म्हणून. तो स्वतः एका मीटिंगपुरता हेब्बाळला गेला होता. केस पुसत असताना फोन वाजला. नर्सनं फक्त या म्हटलं, लवकर या. रिक्षा एकही थांबेना. तिनं स्कूटर काढली. हेल्मेट कुठं होतं ते आज विचारलं तरी सांगता येणार नाही. पुढचा चौक मोठा होता, दिवा लाल होता आणि लाल दिव्याखाली सेकंद मोजणारे आकडे होते, तीन आकडी. तिनं पाय टेकला. इतक्या वर्षांच्या सवयीनं पाय आपोआप टेकला. डावीकडून एक टेम्पो निघाला, त्याच्या मागे जरा जागा झाली, आणि त्या जागेकडे बघत असताना तिला अतिशय स्पष्टपणे कळलं की हा दिवा कुणीतरी लावलेला आहे, आणि तो माणूस मला ओळखत नाही. ती निघाली. चारी बाजूंनी हॉर्न, कुणीतरी शिवी दिली, टेम्पोची गरम हवा पायावर आली, आणि ती पलीकडे होती. हॉस्पिटलात पोचली तेव्हा पद्मनाभ जागा होता. नाकातली नळी काढून त्यांनी नुसता मास्क ठेवला होता. तिच्या ओल्या विस्कटलेल्या केसांकडे बघून त्यानं मास्क बाजूला केला आणि विचारलं, कशी आलीस? स्कूटरवर, ती म्हणाली. आणि सिग्नल? मोडला, ती म्हणाली. तो हसला. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला इतका खूश क्वचित बघितला होता. जवळजवळ तासभर तो बोलत होता, थांबत थांबत. मग झोप लागावी तसा गेला, आत कुठंतरी, आणि परत आला नाही. संध्याकाळी सगळं संपलं. निहार त्याच्या जरा आधी पोचला, पण तो तास उलटून गेला होता. पुलावर गाड्या अडकल्या होत्या. त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. काही बोलले का, असं त्यानं विचारलं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून सुनंदा म्हणाली, नाही रे, मी आले तेव्हापासून असेच आहेत.

हे शेवटचं तिनं अहल्याला सांगितलं की नुसतं मनात म्हटलं, ते तिला नंतर आठवेना. अहल्या आता वकिलाच्या आवाजात बोलत होती. हॉस्पिटलचा कागद जोडू, मृत्यूचा दाखला जोडू. न्यायाधीश माणूस असतात अक्का, हा दंड तर सगळ्यांत आधी माफ होईल, आणि त्यानं बाकीच्यांनाही जोर येईल. सुनंदानं मान हलवली. नको. अहल्याला वाटलं तिला कागद मिळवायचा त्रास नको आहे. कागद घरात आहेत, सुनंदा म्हणाली, पण ते मी त्यासाठी देणार नाही. नीट सांगता येत नव्हतं. लोक दोन हात पुढे करून उभे होते: न केलेलं कबूल कर, आम्ही अर्ध्यात सोडतो, केलेलं दुःखाच्या कागदात गुंडाळून दे, आम्ही पूर्ण सोडतो. दोन्हीकडून तिचं जे होतं ते तिच्याकडून जात होतं. माफी मागायची म्हणजे आधी ती चूक होती असं म्हणायला हवं. "तो मी मोडला," ती म्हणाली. "त्याचा दंड मी पूर्ण भरेन. दुसऱ्या कुणाचा मात्र एक पैसा भरणार नाही." अहल्या हसायला लागली. असं गिऱ्हाईक मला पहिलंच, असं ती म्हणाली, आणि वकीलपत्र पुढे सरकवलं.

मधले आठवडे सुनंदा चालत फिरली. गुडघे दुखायचे. सकाळी सोप्पू, म्हणजे पालेभाजी, घेताना, बँकेत जाताना, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक निळ्या स्कूटरकडे तिची मान वळायची. कधी चौकड्यांचा शर्ट दिसला की ती थांबून नंबर वाचायची, आणि तो वेगळा निघाला की सुटल्यासारखं नव्हे, चुकल्यासारखं वाटायचं. निहारचे फोन येत होते. तो समजूतदारपणे विचारायचा, वकीलबाई काय म्हणतात. सवलतीच्या शेवटच्या दिवशी त्यानं एकदा आठवणही करून दिली, आज भरलं तर अजून अर्ध्यात आहे. तो दिवस तिनं घरात बसून जाऊ दिला. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना कळलं की तो गेला, आता मागे फिरायला रस्ता नाही, आणि ती स्वतःशीच गुणगुणत पोळ्या करायला लागली.

कोर्टाची खोली लहान होती. पंखे वर फार उंच होते आणि त्यांचा वारा खाली पोचत नव्हता. बाकांवर रिक्षावाले, डिलिव्हरीची पोरं, एक लुंगीतले म्हातारे गृहस्थ. बहुतेकांची नावं पुकारली की ते पुढे जात, मान हलवत, आणि पैसे भरायला बाहेर पडत. काय मान्य केलं हे त्यांना विचारलं असतं तर निम्म्यांना सांगता आलं नसतं. सुनंदाचं नाव आलं तेव्हा अहल्यानं उठून सांगितलं; पोलिसांच्या बाजूनं एक फौजदार उठला आणि त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की गाडी प्रत्यक्ष तपासली, मागचा दांडा आणि दिवा फोटोंशी जुळत नाही, दुसऱ्या कुणीतरी हा नंबर लावलेला दिसतो, तपास चालू आहे. न्यायाधीश तरुण होते. त्यांनी फोटो बघितले, लिहिलं, आणि ते सगळे दंड तिच्यावरून काढून टाकले. इतकं सरळ झालं की सुनंदाला आपण इतके आठवडे ज्या दाराला खांदा लावून उभ्या होतो ते उघडंच होतं की काय असं वाटलं. मग त्यांनी शेवटचा फोटो उचलला. हा मान्य आहे का? त्याच वेळी तिची नजर मागे गेली आणि शेवटच्या बाकावर निहार दिसला. त्याला तिनं बोलावलं नव्हतं. ऑफिसचा पट्टा गळ्यात तसाच होता.

"सिग्नल मोडला," सुनंदा म्हणाली. "चूक नव्हती."

असं लिहिता येत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. हो किंवा नाही. आणि मग, बहुधा फोटोतल्या बाईचे केस आणि पदर बघून, त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं की का मोडला. अहल्याचा हात तिच्या कोपराला लागला. सांगितलं नाही तरी चालेल, असा तो हात होता, की सांगा असा, कळलं नाही. सांगायचं नाही असं ठरवून सुनंदा आली होती. मोडला एवढं म्हणून खाली बसता आलं असतं. मागे बाकावर तिचा मुलगा बसला होता आणि त्याच्या डोक्यातल्या त्या दुपारी त्याचा बाप आधीच बेशुद्ध होता. पुलावर अडकण्यानं काही बिघडलं नव्हतं. ती दुपार तिनंच त्याला करून दिली होती. ती आता मोडायची की ठेवायची, हे एका दमात ठरवायचं होतं, आणि तिला वाटलं, इथं मी दुसऱ्याचं खोटं माझ्या नावावर नको म्हणून आले, आणि माझं खोटं दोन वर्षं त्याच्या नावावर ठेवलं आहे.

"माझा नवरा हॉस्पिटलात होता," ती कानडीत म्हणाली, हळू, शब्द निवडत. "फोन आला. मी थांबले असते तर तो मला भेटला नसता. मी पोचले तेव्हा तो जागा होता. तासभर बोलला."

मागे बाक करकरला. तिनं वळून बघितलं नाही. न्यायाधीश म्हणाले की अशा परिस्थितीत ताकीद देऊन सोडता येईल. आवाजात खरोखरीची माया होती, आणि नकार द्यायला तीच जड गेली. "नको," सुनंदा म्हणाली. "दंड लावा. मोडला म्हणून मी पोचले. उद्या पुन्हा तसा फोन आला तर पुन्हा मोडेन. ते माझ्या नावावर असू दे." खोलीत कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. न्यायाधीशांनी तिच्याकडे जरा रोखून बघितलं, आणि दंड लिहिला. पूर्ण.

ती पैसे भरून बाहेर आली तेव्हा निहार व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता, नोटिसा चिकटवलेल्या फळ्यासमोर, वाचत असल्यासारखा. अहल्या समजून पुढे निघून गेली. तो म्हणाला, "बाबा जागे होते."

"हो."

"तू नाही म्हणालीस मला."

"म्हणाले होते तसं."

"मी पुलावर हॉर्नसुद्धा वाजवला नव्हता, आई." त्याचा आवाज एकदम लहानपणीचा झाला. "पुढं ॲम्ब्युलन्स होती, म्हटलं तिला त्रास नको."

तिला वाटलं होतं की हे कधी बोलायची वेळ आलीच तर आपण रडू, क्षमा मागू. तसं काही झालं नाही. ती त्याच्या शेजारी त्याच भिंतीला टेकून उभी राहिली. तू बरोबर वागलास, असं ती म्हणाली, आणि मीही बरोबर वागले; त्या दिवशी दोन्ही खरं होतं आणि ते मला तेव्हा पेलवलं नाही. काय बोलले ते विचारणं त्याला जमेना, म्हणून तिनंच सांगायला सुरुवात केली: गच्चीवरच्या टाकीबद्दल बोलले, ती गळते म्हणून, मिरजेच्या एका जुन्या मित्राबद्दल, माझ्या केसांबद्दल. आणि तुझं विचारलं. निघालाय, रस्त्यात आहे, असं मी म्हटलं. तर म्हणाले, त्याला घाई करू नको म्हणावं. निहारनं फळ्यावर हात टेकला. तो रडतोय हे त्याच्या खांद्यांवरून तिला कळत होतं. दोन वर्षं तिच्याजवळ पडून राहिलेला निरोप पोचायला चार शब्द पुरले, आणि तो दडवून आपण कुणाला वाचवत होतो हे आता तिला सांगता आलं नसतं.

जप्त गाड्यांचं आवार पुलाखाली होतं. अहल्या तिथं कोर्टाचा कागद घेऊन आधीच पोचली होती. स्कूटर ओळीच्या टोकाला, सीटवर कावळ्यांची घाण, आरशावर धूळ. निहारनं रुमालानं सीट पुसली. बटणानं ती सुरू होईना, तेव्हा तो किक मारायला पुढे झाला; सुनंदानं त्याला बाजूला केलं, साडीचा काठ जरा वर खोचला, आणि तिसऱ्या किकला इंजिन खोकून चालू झालं. मी रविवारी हेब्बाळला येते, ती त्याला म्हणाली, गाडीवरून, आणि संध्याकाळी परत जाईन. लांब आहे असं तो म्हणाला नाही. आवारावरच्या म्हाताऱ्या हवालदारानं वहीत तिची सही घेतली आणि जाता जाता भल्याचं म्हणून सांगितलं, अम्मा, तो दुसरा अजून फिरतोय. उद्या परत कॅमेऱ्यात येईल, परत तुम्हालाच थांबवतील. अर्ज करा, नंबर बदलून घ्या, सुखी व्हाल. अहल्यानंही मान डोलवली. तसं करता येईल अक्का, मी कागद करून देते, स्वल्प धावपळ होईल इतकंच.

"नंबर माझा आहे," सुनंदा म्हणाली. "बदलायचा तर त्यानं बदलावा."

आणि ती निघाली. पुलाखालच्या सावलीतून उन्हात, रस्त्याला लागताना जरा डगमगली, मग सावरली. पुढं दोन निळ्या स्कूटर चालल्या होत्या. तिनं वेग वाढवला आणि त्यांच्या नंबरांकडे बघत, मधून, पुढे गेली.